ओकायामाची बाग आणि ओकायामाची रीत

जपानात जाऊन आलेल्या मनुष्याला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारण्यात येतो तो तेथील आगगाड्यांच्या वेगाविषयी, आणि दुसरा तेथील स्वच्छतेविषयी. गेल्या वर्षी चैत्र-वैशाखात आम्ही उभयता त्या देशात पाच आठवडे राहून आलो. तेव्हापासून ह्या दोन प्रश्नांची उत्तरे देऊन देऊन ती तोंडपाठ झाली आहेत, आणि प्रस्तुत लेखात तीही थोडीफार येतीलच. परंतु आम्ही तिकडे असताना पुण्यास आमच्या घरी एक प्रसंग घडला व त्यामुळे तो देश मला निराळ्या दृष्टीने पाहावा लागला. जे दिसले ते कुटुंबवत्सल वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहावयास बसलो आहे.

प्रथम आमच्या घराची स्थिती सांगितली पाहिजे. आमचा मूळचा वाडा सदाशिव पेठेतला, दोन चौकांचा. माझ्या लहानपणी सणाच्या दिवशी माजघरात घरच्याच माणसांची दोन पंगतींची पाने मांडावी लागत. पुढे वाडा पडला, त्या जागी चार मजल्यांची इमारत झाली आणि भावाभावांच्या वाट्यास एकेक बिऱ्हाड आले. आज त्यांपैकी दोन बिऱ्हाडांस कुलूप आहे, एकात भाडेकरू आहेत आणि चौथ्यात आम्ही उभयता व माझ्या धाकट्या चुलत्यांच्या पत्नी काकू अशी तीन माणसे राहतो. काकूंचे वय ८४. आमचे कुटुंब मोडले असे आम्ही कधी म्हणत नाही. मुले नोकरीनिमित्त पांगली, इतकेच. आमचे चिरंजीव आठ वर्षांपासून टोकियोस आहेत. त्यांचा आग्रह फार, म्हणून सहा आठवड्यांचा बेत ठरला. काकूंनी विमानात बसण्याचे साफ नाकारले. “मी गेले तर दारावरची फुलपुडी कोण घेणार?” असे म्हणून त्यांनी तो विषय संपविला. दिवसा येणारी बाई होती, भाडेकरू सज्जन होते, आणि मी रोज सायंकाळी फोन करणार होतो. एवढ्या व्यवस्थेवर आम्ही निघालो.

टोकियो शहराच्या पूर्वेस एदोगावा नावाचा भाग आहे. त्यातील निशी-कासाई येथे हिंदी लोकांची वस्ती पुष्कळ असून त्यांत आपली मराठी कुटुंबेही आहेत. महाराष्ट्रातून तेथे गेलेले श्री. योगेंद्र पुराणिक हे २०१९ साली एदोगावाच्या लोकनियुक्त सभेवर निवडून आले, ह्यावरून ह्या वस्तीने तेथे कशी मुळे धरली आहेत ते ध्यानात यावे. चिरंजीवांचे घर तीन खोल्यांचे. दार उघडताच पादत्राणे काढण्याची एक खोलगट जागा असते. तेथून एक पायरी वर चढले म्हणजे घर सुरू होते. सौभाग्यवतींस ही रचना इतकी पसंत पडली की, जपानविषयीचे त्यांचे अर्धे मत त्या पायरीवरच तयार झाले. उरलेले अर्धे मत जेवणाच्या वेळी डळमळले, कारण तेथील बहुतेक सारांत माशाचा अर्क असतो आणि विचारल्याशिवाय तो कोणी सांगत नाही. बरोबर नेलेली भाजणी व मेतकूट ह्यांनी आमची लाज राखली.

आमची नात तेथील सरकारी शाळेत दुसऱ्या इयत्तेत आहे. शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते, म्हणून आम्हांस तो थाट आरंभापासून पाहावयास मिळाला. दुपारचे जेवण मुले आपल्याच वर्गात घेतात. पाळीने काही मुले पांढरी टोपी व पांढरा अंगरखा घालून वाढपी होतात, सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही, आणि जेवणानंतर वर्ग व जिने मुलेच झाडून पुसून काढतात. नात मोठ्या गंभीरपणे म्हणाली, “आजोबा, उद्या माझी वाढण्याची पाळी आहे.” आमच्या माजघरातल्या पंगतीत मी मीठ-लिंबू वाढत असे त्या वयाचीच ती आहे. आपल्याकडे जे घराने शिकविले ते तेथे शाळा शिकविते, एवढी नोंद मी त्या दिवशी मनाशी केली.

शहर पाहण्यास आम्ही आसाकुसाच्या सेन्सोजी देवळापासून आरंभ केला. त्याच्या महाद्वारात तांबड्या रंगाचा, पुरुषभर उंचीहून दुप्पट असा कागदी कंदील टांगलेला आहे. आतील देवता कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वरच. क्षेत्राची स्थापना इसवी सनाच्या सातव्या शतकातली सांगतात, परंतु आज उभे असलेले मुख्य मंदिर १९५८ सालचे आहे. टोकियोत हा अनुभव जागोजागी येतो. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत तेथील व आसपासची एक लाखाहून अधिक माणसे गेली, आणि १० मार्च १९४५ च्या एका रात्रीतील बाँबहल्ल्यात पुन्हा सुमारे तितकीच. १९६१ सालच्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे वाडे वाहून गेलेले ज्यांनी पाहिले आहे, त्या पुणेकरांस ह्या शहराचा नवेपणा कशाने आला हे समजावून सांगावे लागणार नाही.

उएनोची सार्वजनिक बाग १८७३ सालापासूनची. तेथील शिनोबाझु नावाच्या कमळांच्या तळ्यात मधोमध एक देऊळ आहे, त्यातली देवता बेन्झाइतेन. हातात वीणेसारखे वाद्य, पाण्याचे सान्निध्य आणि विद्या-कलांचे अधिष्ठान ह्या खुणांवरून सौभाग्यवतींनी तिला तत्काळ ओळखले. ही आपली सरस्वतीच; बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती तिकडे गेली. देवळाबाहेर परीक्षेला बसणारी मुले हात जोडून उभी होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरील काळजी पाहून आपण तळ्यातल्या गणपतीसमोर आहोत की काय असा भास झाला.

टोकियोतील जे स्थळ पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती ते मात्र प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. मेजिरो भागात १९०१ साली नारुसे जिन्झो ह्या गृहस्थांनी जपानी महिला विद्यापीठ स्थापन केले. ह्या संस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका बनारसहून महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्याकडे टपालाने आली. त्यांनी ती प्रथम चाळून बाजूस ठेवली. परंतु १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आल्यावर ती पुन्हा काढली, आणि भाषणात हिंदी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढील वर्षी, १९१६ साली, हिंगण्यास ते विद्यापीठ अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले. आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच. १९२९ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, अण्णा जगाच्या प्रवासास निघाले आणि परतीच्या वाटेवर ज्या संस्थेच्या पुस्तिकेने एवढे घडविले ती त्यांनी स्वतः जाऊन पाहिली.

नारुसे ह्यांच्या नावाचे सभागृह १९०६ सालचे आहे. मूळची विटांची इमारत १९२३ च्या भूकंपात मोडली, तेव्हा ती लाकडाने पुन्हा उभारली. तेथे माहिती घेताना एक गोष्ट नव्याने कळली. ह्या संस्थेने पहिल्या दिवसापासून विद्यापीठ हे नाव धारण केले खरे, पण कायद्याने त्या दर्जास ती १९४८ साली पोहोचली. आपल्या विद्यापीठाची कथा तीच. त्याच्या मान्यतेचा कायदा १९४९ सालचा. ज्यांस सरकारने ओळखले नव्हते अशा दोन संस्थांनी एकमेकींपासून हजारो मैलांवर राहून तीस-चाळीस वर्षे पदव्या दिल्या. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम काढून त्यांस कमी प्रतीचे शिक्षण दिले जाते, असा आक्षेप दोन्ही ठिकाणी घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही. परंतु मेजिरोचीच एक विद्यार्थिनी तांगे उमे १९१३ साली तोहोकूच्या शाही विद्यापीठात प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी एक झाली आणि पुढे रसायनशास्त्रात नाव मिळविती झाली, हेही विसरता येत नाही.

आता शेजाराविषयी. चिरंजीवांच्या मजल्यावर टोकाच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत. दर पंधरा दिवसांनी हातात कापडी पिशवी घेतलेल्या दुसऱ्या एक बाई त्यांच्या दाराशी येत, दहा-पंधरा मिनिटे उंबऱ्यावरच बोलत आणि पुढच्या मजल्यावर जात. मला त्या नातेवाईक वाटल्या. आमच्या सूनबाई पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेल्या, त्यांना मी विचारले. त्या म्हणाल्या, “नाही बाबा, त्या मिन्सेई-इइन आहेत. आपल्या वाट्याच्या घरांमध्ये कोण एकटे आहे, कोण आजारी आहे, हे त्यांनी पाहावयाचे असते.”

पगार नाही, फक्त खर्चापुरती रक्कम. नेमणूक तीन वर्षांची आणि सरकारच्या मंत्र्याकडून. ऐकलेली गोष्ट बाहेर न बोलण्याचे बंधन. टोकियोसारख्या शहरात साधारण २२० ते ४४० घरांमागे असा एक मनुष्य असतो आणि साऱ्या देशात मिळून त्यांची संख्या सुमारे सव्वादोन लाखांच्या घरात आहे. ह्या बाई स्वतः एकाहत्तर वर्षांच्या होत्या. “ही पद्धत ओकायामात निघाली,” असे सूनबाईंनी जाता जाता सांगितले. ओकायामास आम्ही जाणारच होतो, ते बागेसाठी. म्हणून हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले.

मे महिन्याच्या सुट्टीत सर्वजण पश्चिमेस निघालो. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या त्या प्रसिद्ध जलद गाडीने टोकियोहून क्योतोस सव्वादोन तासांत पोहोचवले. पेल्यातील चहा हिंदकळला नाही, हे विचारणाऱ्यांसाठी येथेच सांगून टाकतो. क्योतोहून नारास जाऊन तोदाइजीची बुद्धमूर्ती पाहिली. उंची सुमारे ५० फूट. ७५२ साली तिचे नेत्रोन्मीलन झाले ते बोधिसेन नावाच्या हिंदी भिक्षूच्या हातून. तो जन्माने भारद्वाज गोत्री ब्राह्मण होता व जपानी लोक त्यास आपल्या भाषेत ‘ब्राह्मण आचार्य’ म्हणत. ज्या कुंचल्याने त्याने डोळे रेखिले त्यास लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हाती धरल्या होत्या, म्हणजे त्या कृत्यात सर्वांचा हात लागला. त्या दिवशी नाराहून निघून ओकायामास पोहोचेतो रात्र झाली. मुलांची निजानीज, सामानाची उघडझाक ह्यांत काकूंस फोन करावयाचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोराकुएन बागेत गेलो. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिले आहे त्यांस ती परकी वाटणार नाही. पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून २००६ साली खुले झालेले ते उद्यान हिच्याच नमुन्यावर केलेले आहे. पुण्याची बाग सुमारे दहा एकरांची, ओकायामाची सुमारे तेहेतीस. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा ह्याने १७०० साली ती पुरी करविली. विस्तीर्ण हिरवळ, तळी, एक लहानशी टेकडी, चहाचा मळा, भाताचे एक खाचरसुद्धा. आणि आसाही नदीपलीकडे काळ्या रंगाचा किल्ला. रियुतेन नावाच्या एका उघड्या घराच्या मधोमध ओढ्याचे पाणी खेळविले आहे. १८७१ साली बागेस हे नाव मिळाले. राज्य करणाऱ्याने प्रजेच्या आधी चिंता करावी आणि प्रजेच्या नंतर सुख भोगावे, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी विचारावरून ते घेतलेले आहे.

त्या ओढ्याकाठी आम्ही बसलो असताना पुण्याहून फोन आला. तेथे दहा वाजून गेले होते, म्हणजे पुण्यास पहाटेचे साडेसहा. बोलणारे आमचे भाडेकरू होते. काकू आदल्या दिवशी पहाटे न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. काम करणारी बाई दोन दिवस रजेवर होती. काकू दिवसभर व रात्रभर तेथेच पडून होत्या. त्यांनी हाका मारल्या, पण दोन बंद दारांपलीकडे त्या पोहोचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फुलपुडीवाला आला, तेव्हा कालची पुडी कडीला तशीच लटकत होती. त्याने दार वाजविले, उत्तर मिळेना तेव्हा भाडेकरूंस उठविले, आणि दार फोडण्यात आले.

आम्ही तिसऱ्या दिवशी पुण्यात होतो. काकूंवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वाचल्या. पण परतीच्या विमानात एका गोष्टीने माझी पाठ सोडली नाही. त्या दिवशी आमच्या जिन्यावरून किमान दहा माणसे गेली-आली असतील. सुकत चाललेली पुडी त्यांपैकी काहींच्या दृष्टीस पडलीच असेल. त्यांत एकही मनुष्य निर्दय नव्हता. परंतु पुडी का घेतली नाही हे पाहणे त्यांपैकी कोणाचेही काम नव्हते. वाड्यात ते काम कोणास नेमून दिलेले नसे, कारण ते सर्वांचेच असे. एखादे माणूस सकाळच्या चहास आले नाही की पाच मिनिटांत त्याच्या दारावर थाप पडे. त्या थापेचा आम्हांस त्या काळी कंटाळाही येई, हे कबूल केले पाहिजे. वाडा पाडताना आम्ही खणाखणाचा, फुटाफुटाचा हिशेब केला. ती थाप मात्र कोणाच्याच हिशेबात आली नाही.

बागेपेक्षा ओकायामाची रीत अधिक महत्त्वाची, हे मला तेव्हा उमगले, आणि घरी येऊन मी तिची माहिती काढली. १९१६ साली ओकायामाचे प्रांताधिकारी कासाई शिनइची ह्यांस सम्राटाने, तुमच्या प्रांतातील गरीब कसे आहेत, असा साधा प्रश्न केला. उत्तर देण्यासाठी त्यांनी चौकशी केली तेव्हा दहांत एक मनुष्य हलाखीत असल्याचे आढळले. म्हणून १९१७ साली त्यांनी गावोगावच्या भल्या माणसांस आपापल्या वस्तीतील दुर्बळांवर लक्ष ठेवण्याचे काम नेमून दिले. पुढच्या वर्षी ओसाकाने तशीच योजना काढली, १९३६ साली ती देशभर झाली आणि १९४८ साली तिचा कायदा झाला.

ही तारीख ध्यानात घेण्याजोगी आहे. घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती सर्व कुटुंबाची सत्ता देणारी १८९८ सालच्या कायद्यातील कुटुंबपद्धती जपानने १९४७ साली रद्द केली. स्त्रियांस व धाकट्यांस त्यामुळे मोकळीक मिळाली आणि ती मिळावयास हवीच होती. पण जुने छप्पर काढल्यावर पाऊस कोठून येईल ह्याचाही विचार त्या लोकांनी सोडला नाही. तो विचार पुरा पडला असेही नाही. २०२० च्या खानेसुमारीत तेथील शंभरांपैकी ३८ घरे एकट्या माणसाची निघाली. २०२४ साली घरात एकट्याने मरण आलेली सुमारे ७६ हजार माणसे पोलिसांच्या नोंदीत आहेत, आणि त्यांतील सुमारे ५८ हजार पासष्टीच्या पुढची. दारे ठोठावणारेच वृद्ध होत चालले आहेत व नवे मिळणे कठीण झाले आहे. तेव्हा जपानात सर्व आलबेल आहे असे सांगण्याचा माझा हेतू नाही. ज्या प्रश्नास त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हात घातला, तो आमच्या जिन्यापर्यंत आलेला असून आम्ही त्यास अद्याप नावही दिलेले नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

पुण्याने जपानकडून एकदा एक पुस्तिका घेतली आणि तिचे विद्यापीठ केले. एकदा बागेचा नमुना घेतला आणि तीही चांगली वठविली. तिसरी वस्तू घेण्यास तर जमीन लागत नाही की देणगी लागत नाही. आमच्या आळीत आम्ही पाचजणांनी श्रावणापासून हे काम वाटून घेतले आहे. एकटे राहणारे अथवा ज्यांची मुले दूर आहेत असे अकरा वृद्ध आमच्या यादीत आहेत. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली शेजारच्या विश्वासू घरी ठेविली आहे. मुलांचे पत्ते व डॉक्टरांचे नाव एका वहीत लिहिले आहे. मंगळवारी व शुक्रवारी माझी पाळी असते. कोणी आत बोलावतात, कोणी दारातूनच “ठीक आहे” म्हणतात, आणि एक गृहस्थ पहिले दोन महिने दारच उघडीत नसत. आता उघडतात, पण अजून बसा म्हणत नाहीत. फुलपुडीवाल्यासही आम्ही सांगून ठेविले आहे की, जुनी पुडी कडीला दिसली तर पुढच्या घरी जाण्यापूर्वी हाक मारावी.

काकू चौकटीचा आधार घेऊन घरात हिंडू लागल्या आहेत. वही त्यांच्याचकडे असते. रोज आठ वाजता त्या अकराही घरी फोन करतात आणि ज्याने उचलला त्याच्या नावापुढे खूण करतात. मी त्यांस ओकायामाची सर्व हकीकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, एवढ्या लांब जाऊन हेच आणलंस होय? आमच्या वाड्यात हे होतंच की.”

“होतं काकू,” मी म्हणालो, “पण वाडा आता नाही.”

त्यांनी चष्मा लावला आणि सातवा नंबर फिरविला. तेथे बराच वेळ घंटा वाजत होती. मी चप्पल पायात घालून जिन्यापर्यंत गेलो, इतक्यात पलीकडून आवाज आला; त्या बाई पूजेला बसल्या होत्या.